कडेला राहिलेलं सारण

भाऊबीज होते, पाहुणे पांगतात, दारातली रांगोळी पायांनी पुसट होते आणि तुळशीच्या लग्नाला अजून अवकाश असतो. या मधल्या दिवसांना पंचांगात वेगळं नाव नाही. आमच्या घरात मात्र तो एक वेगळा ऋतूच आहे. धारवाडचा पाऊस जाता जाता एखादी सर टाकून जातो, सकाळी आमच्या मळमड्डी भागावर धुकं उतरतं, अंगणातली तांबडी माती दुपारपर्यंत ओली राहते. स्टेशन जवळ असल्यामुळं धुक्यातून गाडीची शिटी ऐकू येते, गाडी दिसत नाही. लोकांना हे दिवस फार आवडतात. मला आवडत नाहीत, आणि आता ते लपवायचं माझं वयही राहिलेलं नाही.

दिवाळीला माहेरी आलेल्या लेकी परत जायचे हे दिवस. जाताना लेक रिकाम्या हातानं जात नाही. आमच्या घरचा शिरस्ता असा, की करंज्यांची बुट्टी, म्हणजे टोपली, भरल्याशिवाय तिनं उंबरा ओलांडायचा नाही. आणि त्या बुट्टीत एकही फुटकी करंजी जाता कामा नये. चकली मोडली तरी चालेल, शंकरपाळ्यांचा चुरा झाला तरी चालेल, लाडू बसका निघाला तर कुणी काही म्हणत नाही. करंजीचं तोंड मात्र मिटलेलं हवं. व्याह्यांच्या घरी उघड्या तोंडाची करंजी गेली, की लेकीचं तोंडही तसंच असणार असं ते लोक समजतात म्हणे. असले नियम कोण घालून ठेवतं कुणास ठाऊक, पण मोडायचं धाडस कुणी करत नाही.

दुसरा नियम कढईचा. कढई चढली की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं. वाऱ्यानं लाटलेल्या पाऱ्या सुकतात, हे त्याचं खरं कारण. तळणाला नजर लागते, हे सांगायचं कारण. आणि एकदा पाटावर बसलेल्या बाईनं कढई उतरेपर्यंत उठायचं नाही. उठली तर करंज्या तेल पितात. लहानपणी मी ते अगदी खरं मानत होते. दार लावलेलं, खिडकी एकच आणि तीही धुरानं काळवंडलेली, चुलीत बाभळीचं लाकूड तडतडतंय, पायाला मुंग्या आल्यात, घसा कोरडा पडलाय. "आई, उठू?" म्हणून विचारावं, तर पाठमोऱ्या आईचं उत्तर ठरलेलं, "कढई उतरू दे."

आमच्या तिघींच्या जागा ठरलेल्या होत्या. आई चुलीपुढं, आमच्याकडं पाठ करून, तळायला. मी पोळपाटापाशी, लाट्या लाटायला. आणि आमच्या दोघींच्या मध्ये अक्का, माझी थोरली बहीण, भरायला. भरणं हेच खरं कसब. पारी तळहातावर घ्यायची, त्यात खोबरं, खसखस, पुठाण्याचं म्हणजे डाळ्याचं पीठ आणि गूळ यांचं सारण बेतानं घालायचं, कडेला दुधाचं बोट फिरवायचं, कडा जुळवून दाबायच्या आणि मग बोटांनी चिमटत चिमटत मुरड घालायची. कडेला सारणाचा कण राहता कामा नये. तिथं चिमूटभर पूड अडकली, तर मुरड कितीही सुंदर घाला, तेलात गेल्यावर करंजी तोंड उघडते. सारण तळाशी जाऊन जळतं, तेल काळं होतं आणि सगळा घाणा कडू निघतो.

अक्काच्या हातून असं कधी झालं नाही. ती डावखुरी होती. जेवताना आईनं हातावर चापट्या मारून मारून तिला उजव्या हातानं जेवायला लावलं, पण मुरड घालायला लागली की तिचा डावा हातच पुढं यायचा. त्यामुळं तिची मुरड उलट्या अंगानं जायची. जगातल्या सगळ्या करंज्यांची वळणं एकीकडं आणि अक्काची दुसरीकडं. आई कौतुकानं म्हणायची, "हिची करंजी अंधारात हात फिरवून ओळखावी."

याच हातानं तिचा घात केला. हुबळीची मंडळी तिला पाहायला आली तेव्हा आईनं त्यांच्यापुढं अक्काच्या करंज्या ठेवल्या. ते कापसाचे मोठे अडते. मुलाच्या आईनं एक करंजी उचलली, मोडली, खाल्ली आणि त्या म्हणाल्या, "हात चांगला आहे." झालं, लग्न ठरलं. अक्का मराठीइतकंच कानडी झरझर वाचायची, इंग्रजीची पुस्तकं घोकायची, शाळेत बाईंनी तिला पुढं शिकवा म्हणून सांगितलं होतं. त्यातलं कुणी काही विचारलं नाही, आणि आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आपण होऊन सांगितलंही नाही. अण्णा कोर्टात कारकून होते. असं स्थळ दारी चालून आलं म्हटल्यावर त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग तिची पहिली दिवाळी आली. अक्का माहेरी आली ती निम्मी होऊन. दिवाळीचे दिवस गडबडीत गेले, जावई आले, त्यांचं कोडकौतुक झालं, पाडवा करून ते परत गेले. अक्काला तुळशीच्या लग्नाआधी पोचती करायची असं ठरलं होतं. भाऊबीज झाल्यावर आईनं पुन्हा रवा-मैदा भिजवला, मी तो उखळात कुटला, आणि आम्ही तिघी दार लावून बुट्टीच्या करंज्या करायला बसलो.

पहिल्याच घाण्यात करंज्या फुटल्या. एक फुटली असती तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण एकीमागून एक तोंडं उघडू लागल्या, तेलावर काळा फेस आला, घरभर जळक्या गुळाचा वास सुटला. आई मला रागावली, "शांते, जाड लाटायलीस!" मग मैद्यावर राग निघाला, मग दुकानदारावर. अक्का खाली मान घालून भरत होती. संध्याकाळी आईनं तेल गाळलं आणि म्हणाली, "उद्या परत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हुबळीहून त्यांचे दिवाणजी अक्काला न्यायला आले. मोठा सज्जन माणूस. बाहेर सोप्यावर अण्णांच्या शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसले. आत पुन्हा कढई चढली आणि पुन्हा तेच झालं. आई बाहेर जाऊन ओशाळं हसत म्हणाली, "तळण जरा बिघडलंय." बुट्टी भरली नाही म्हणजे लेक निघत नाही, हे दिवाणजींनाही ठाऊक. ते म्हणाले, "आगलि, आगलि. अवसर इल्लरी." होऊ दे, घाई काही नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच परत गेले. अण्णांचा चेहरा मात्र बघवत नव्हता.

मला कळलं होतं. आईची आमच्याकडं पाठ असायची, पण मी अक्काच्या शेजारी बसायची. तिचं बोट दुधाच्या वाटीवरून नुसतं फिरत होतं, बुडत नव्हतं. आणि कडा जुळवायच्या आधी ती सारणाची चिमूट कडेवर हळूच भुरभुरत होती, रांगोळीच्या रेघेइतक्या निगुतीनं. वरून मुरड अशी सुरेख, की ताटात ठेवल्यावर कुणाला शंका येऊ नये. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. ती हसली नाही. मी पुढची लाटी घेतली.

तिसऱ्या दिवशी आईनं जागा बदलल्या. "शांते, आज तू तळ," म्हणाली आणि पाट ओढून अक्काच्या समोर बसली. मला पहिल्यांदाच झारा मिळाला, एरवी मी उड्या मारल्या असत्या. आईनं अक्काची एक भरलेली करंजी उचलली आणि नखानं तिची मुरड उसवली. कडेला सारणाची बारीक रेघ होती. आईनं ती बराच वेळ पाहिली.

"अक्का, ही तर शिकाऊ पोरीची चूक आहे."

"मग शिकव की मला परत," अक्का म्हणाली. "वर्षभर शिकव."

चुलीतलं लाकूड ढासळलं. आईनं ते सारलं नाही, मीही नाही.

"घरोघरी मातीच्या चुली असतात, बाळ."

"तिथली विझत नाही, आई."

"मारतात काय?"

"नाही."

"उपाशी ठेवतात?"

"नाही की. पोटभर घालतात."

"मग?"

"उठू देत नाहीत," अक्का म्हणाली.

मग तिनं सांगितलं. स्वयंपाकघर माडीवर, खाली दुकान. जिना दुकानात उतरतो म्हणून सुनेनं उतरायचं नाही. खिडकी आहे, तिच्यासमोर कापसाच्या वखारीची भिंत आहे. दुकानात गावोगावचे व्यापारी यायचे, त्यांना चहाबरोबर गरम काहीतरी लागायचं. सुनेचा हात चांगला. सकाळी कढई चढायची ती दिवस मावळताना उतरायची, आणि कढई आहे तोवर उठायचं नाही हा नियम त्यांच्याकडंही होताच. "सासूबाई वाईट नाहीत गं," अक्का म्हणाली. "मी उठले की नुसतं बघतात. आवाजसुद्धा चढवत नाहीत." तिच्या आवाजात रडं नव्हतं. मला वाटत होतं तिनं रडावं, म्हणजे आई विरघळेल.

आईनं हातातली उसवलेली करंजी ताटात ठेवली. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या पाठीवर ही आहे."

एवढंच. थोरली माहेरी येऊन बसली तर धाकटीला कोण पत्करणार, हा अर्थ मला त्या वयातही लागला. अक्काच्या दाराची कडी म्हणजे मी. मला आईचा भयंकर राग आला, आणि अक्का माझ्याकडं रागानं बघत नव्हती याचा त्याहून जास्त आला.

मग आईनं ताटातली एकेक करंजी उसवली. ओल्या फडक्यानं कड पुसली, दुधाचं बोट फिरवलं, कडा दाबल्या आणि आपली मुरड घातली. अक्का मांडीवर हात ठेवून बसून राहिली. दार लावलेलं होतं. मी एकेक करंजी तेलात सोडत होते आणि एक तरी फुटावी म्हणून झारा धरून बघत होते. एकही फुटली नाही. टम्म फुगून, गुलाबी होऊन सगळ्या वर आल्या. सगळ्यांची वळणं आईच्या हातची.

दिवाणजी परत आले, बुट्टीवर फडकं बांधलं गेलं, अक्का टांग्यात बसली. आईनं तिच्या ओटीत नारळ घातला. थोड्या वेळानं शिटी ऐकू आली. हुबळी ती केवढीशी लांब! गाडीत बसून शेंगा सोलायला घ्याव्यात, तर त्या संपायच्या आत स्टेशन येतं. तेवढ्याशा वाटेवरून एखादं माणूस किती दूर जाऊ शकतं, हे मी त्या दिवशी शिकले.

फुटलेल्या करंज्या घरातच होत्या, डबा भरून. आईनं त्या टाकल्या नाहीत आणि कुणाला दिल्याही नाहीत. मी एकदा हात घातला तर डबा ओढून घेतला. रोज दुपारी मागच्या पडवीत बसून ती त्यातली एकेक खायची, भिंतीकडं तोंड करून. डबा संपेपर्यंत तिनं तोंडाला दुसरं गोड लावलं नाही.

त्यानंतर तिनं मला करंजीच्या पाटावर बसू दिलं नाही. दिवाळी आली की म्हणायची, "तू तुझं पुस्तक घे, जा." मी सोप्यावर बसून आतल्या तळणाचा वास घ्यायची आणि मला वाटायचं, आई मला दूर लोटते आहे. मग मला बघायला माणसं येऊ लागली. "करंजी येते का?" कुणीतरी विचारायचंच. आई थंडपणे सांगायची, "नाही येत. कढईपुढं बसायची हिला सवयच नाही." अण्णा आतल्या आत धुमसायचे. माणसं चहा पिऊन जायची ती कायमची. अण्णा थकले, स्थळं थांबली, मी परीक्षा देत गेले आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. ज्या माझ्या लग्नासाठी अक्काला परत धाडलं, ते लग्न झालंच नाही. हे मी विनोदानं सांगायचा प्रयत्न पुष्कळदा केला आहे. जमत नाही.

हुबळीला मी जाते. दुकान जेवणासाठी बंद झालं की त्या जिन्यानं वर चढते. अक्का चुलीपुढं असते, मागं वळून हसते, "ये गं, बस," म्हणते. ती उठत नाही. मी बसते. आम्ही शाळेच्या, पावसाच्या, तिच्या कुसुमच्या गोष्टी बोलतो. कुसुम तिची एकुलती मुलगी. अक्कासारखीच पुस्तकातला किडा. एकदा निघताना मी म्हटलं होतं, "हिला माझ्याकडं पाठव, हायस्कुलात घालते." अक्कानं कढईतून नजर काढली नाही. "पाठवतात काय!" म्हणाली. "हिचाही हात बघायला घेतील आता."

आणि या वर्षी, त्याच बिननावाच्या दिवसांत, सकाळी धुकं पुरतं वर गेलेलं नसताना टांगा दारात थांबला. आता पाठीत वाकलेले दिवाणजी उतरले, त्यांच्यामागून पत्र्याची पेटी आणि डबा घेऊन कुसुम.

दिवाणजी सोप्यावर टेकले. खजील झाल्यासारखे सांगू लागले. या दिवाळीला मोठ्या बाईंनी नातीला करंज्या करायला बसवलं होतं. एकही धड उतरली नाही. तेलागुळाची सध्या अशी मारामार, त्यात कढईभर तेल काळं. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. मोठ्या बाई संतापल्या. जिला करंजी येत नाही तिला कोण करून घेणार, मास्तरणीकडं तरी जाऊ दे, आपलं पोट भरायला शिकेल, म्हणाल्या. "अक्कावरू एनू माताडलिल्ल," दिवाणजी म्हणाले. अक्कासाहेब त्यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी चहा घेतला आणि परतीच्या गाडीसाठी उठले.

आईनं डबा उघडला. आत फुटक्या करंज्या, गूळ जळून काळा पडलेला. आईला आता फारसं दिसत नाही. तिनं एक उचलली आणि कडेवरून अंगठा फिरवला. थांबली. दुसरी उचलली, तिच्यावरूनही फिरवला.

"शांते," ती म्हणाली, "दार लाव बघू."

मी दार लावलं.

"कुसुम, या तू केल्यास?"

पोर माझ्याकडं बघू लागली, मग जमिनीकडं. "होय."

"वळणं उलटी आहेत, बाळ."

कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळं एकदम बाहेर पडलं. तिनं फक्त पाऱ्या लाटल्या होत्या. भरल्या आईनं, मुरडल्या आईनं, आणि सांगून ठेवलं होतं, विचारलं की मीच केल्या म्हण. तिकडची आजी समोरच होती, पण तिचं सगळं लक्ष कढईकडं. इतकी वर्षं सुनेच्या हातच्या करंज्या खाल्ल्या त्या बाईनं, कड कधी पाहिली नाही.

मी डब्याकडं बघत उभी होते. अक्काला जे स्वतःसाठी साधलं नाही, ते तिनं लेकीसाठी साधलं होतं. आणि ती स्वतः या क्षणी कुठं असेल ते मला माहीत होतं. भिंतीसमोरच्या त्या खिडकीपाशी, चुलीपुढं. आता तिला शेजारी लाटायला कुणी नव्हतं. मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदानं छातीत दुखत होतं.

आईनं डबा मांडीवर घेतला आणि त्यातली एक करंजी खायला सुरुवात केली.

"कडू असेल गं," मी म्हटलं.

"आहे की," ती म्हणाली, आणि अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. पहिल्यांदाच.

मी ती खाल्ली. कुसुम मघापासून पाटावर अंग चोरून बसली होती. तिनं बंद दाराकडं पाहिलं, थंड चुलीकडं पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, मी उठू?"

आईनं तोंडातला घास गिळला.

"ऊठ," ती म्हणाली.